किंमत नसलेल्या नाण्यांचा इतिहास

बंगळूर मेट्रोच्या जांभळ्या मार्गावर व्हाइटफील्डकडे जाताना हूडी नावाचं स्टेशन लागतं. मार्च 2025 पासून हेच नाव इथेरियम या ब्लॉकचेनच्या एका चाचणी-जाळ्यालाही आहे. चाचणी-जाळ्यांना स्टेशनांची नावं द्यायची हा इथेरियमवाल्यांचा जुना रिवाज. मॉर्डन लंडनचं, रॉप्स्टन आणि रिंकेबी स्टॉकहोमची, कोव्हान सिंगापूरचं, गोर्ली बर्लिनचं, सेपोलिया अथेन्सचं, होलेस्की प्रागचं. बहुतेक जाळी आता बंद पडली आहेत. त्यांचा इतिहास वाचला की बिटकॉइन हलाल की हराम या आपल्याकडच्या वादात न येणाऱ्या बऱ्याच गोष्टी दिसतात.

ब्लॉकचेन म्हणजे एक सामाईक खातेवही. तिची प्रत हजारो संगणकांकडे असते आणि प्रत्येक संगणक नवी नोंद स्वतः तपासून घेतो. अशा तपासणाऱ्या संगणकाला नोड म्हणतात. चाचणी-जाळ्यात (त्याला टेस्टनेट म्हणतात) सॉफ्टवेअर तेच आणि नियमही जवळपास तेच असतात, फक्त नाण्याला किंमत नसते. ती ‘फॉसेट’ नावाच्या नळातून मागेल त्याला फुकट मिळतात. चूक झाली तर कोणाचा पैसा बुडू नये, म्हणून ही सोय.

पण नाणं बिनमोल ठेवणं लोकांना जमलं नाही. बिटकॉइनचं पहिलं टेस्टनेट 2010 मध्ये सुरू झालं आणि थोड्याच काळात तिथली नाणी खऱ्या पैशाला विकली जाऊ लागली. मग ते जाळं मोडून दुसरं उभारावं लागलं, पुढे तिसरं. तिसरं दहा वर्षांहून जास्त टिकलं. अवघडपणा अचानक खाली आणणाऱ्या एका नियमामुळे तिथे ब्लॉकांचे लोंढे येत. परिणामी 2024 पर्यंत त्या जाळ्यावर पंचवीस लाखांच्या आसपास ब्लॉक झाले, तेव्हा खऱ्या बिटकॉइनवर साडेआठ लाखसुद्धा नव्हते. ब्लॉकामागे मिळणारं बक्षीस घटत घटत नगण्य झालं, नाणी दुर्मिळ झाली आणि पुन्हा विक्री सुरू झाली. त्याच वर्षी चौथं टेस्टनेट आलं. इथेरियमच्या गोर्लीवरही हेच घडलं. प्रोग्रामरांना चाचणीसाठी नाणी लागत, नळ पुरे पडत नसत, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये त्या नाण्यांचा उघड बाजार भरला.

इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये दीनार-दिरहमला आरशाची उपमा दिली आहे. आरशाला स्वतःचा रंग नसतो, पण तो सगळे रंग दाखवतो. गोर्लीच्या नाण्यात सोनं नव्हतं, कोणा सरकारचा शिक्का नव्हता, बनवणाऱ्यांनी तर ते फुकट असल्याचं आधीच सांगून ठेवलं होतं. तरीही गरज आणि टंचाई एकत्र आली आणि भाव फुटला. ‘ज्याच्यामागे काही नाही त्याला किंमत येऊच शकत नाही’ असं म्हणणाऱ्यांना आणि ‘किंमत आहे म्हणजे त्यात काहीतरी असणारच’ असं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे उदाहरण अडचणीचं आहे.

फतव्यांत मतभेद आहेत. इजिप्तच्या मुफ्तींनी जानेवारी 2018 मध्ये बिटकॉइनचा व्यवहार हराम ठरवला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर 2021 मध्ये चलन म्हणून वापर हराम म्हटला. काही मुफ्तींनी अटींसह परवानगीही दिली. मी फतवा देणारा नाही. पण उसूलच्या अभ्यासकांचा एक नियम सर्वांना मान्य आहे: आधी वस्तूचं चित्र मनात स्पष्ट हवं, हुकूम त्यानंतर. आपल्या मोहल्ल्यात मात्र हे चित्र मोबाइलवर ‘हलाल कॉइन’ची स्कीम दाखवणाऱ्याकडून मिळतं. एक पैसाही न गुंतवता ते चित्र स्वतः पाहायची सोय असताना हे चालावं, याचं मला वाईट वाटतं.

ती सोय म्हणजे व्हर्च्युअल मशीन, संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. कल्पना ब्लॉकचेनहून फार जुनी. आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात 1967 मध्ये सीपी-40 नावाची यंत्रणा चालू झाली. एकाच मोठ्या यंत्रावर बसलेल्या प्रत्येकाला पूर्ण यंत्र आपलंच आहे असं वाटे. पुढे 1972 च्या व्हीएम/370 मध्ये नवी ऑपरेटिंग सिस्टिम एका कप्प्यात तपासायची आणि शेजारच्या कप्प्यात रोजचं काम चालू ठेवायचं, हे सर्रास होऊ लागलं. घरगुती संगणकावर ही गोष्ट 1999 मध्ये व्हीएमवेअरने आणली. 2007 मध्ये आलेलं व्हर्च्युअलबॉक्स तर फुकट मिळतं.

बेताच्या लॅपटॉपवरही हे जमतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन करायचं, त्याला चार जीबी मेमरी आणि दोन कोर द्यायचे, आत उबंटू बसवायचं. सामाईक फोल्डर आणि क्लिपबोर्ड बंद ठेवायचे, म्हणजे आतलं आत राहतं. मग एक स्नॅपशॉट घ्यायचा. काही बिघडलं तर तिथवर परत येता येतं. त्यानंतर बिटकॉइन कोअर अधिकृत ठिकाणाहूनच उतरवायचं आणि त्याच्या सेटिंग फायलीत दोन ओळी लिहायच्या: एक टेस्टनेट4 निवडणारी आणि दुसरी ‘प्रून’ 550 करणारी. प्रूनमुळे जुने ब्लॉक तपासून झाले की टाकून दिले जातात आणि डिस्क भरत नाही. खऱ्या पैशाच्या वॉलेटचे गुप्त शब्द या मशीनमध्ये कधीही टाइप करायचे नाहीत.

नोड चालू झाला की तो पहिल्या ब्लॉकपासून एकेक नोंद तपासत पुढे येतो. हे बघत बसण्यासारखं आहे. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हिशेब आपण करायचा, म्हणजे काय ते इथे दिसतं. आणखी एक फायदा. टेस्टनेटचा आजच्या पद्धतीचा पत्ता ‘टीबी1’ने सुरू होतो, खऱ्या बिटकॉइनचा ‘बीसी1’ने. कोणी स्क्रीनवर भलीमोठी शिल्लक दाखवली, तर ती फुकटच्या नळाची आहे का, हे पहिल्या दोन अक्षरांत कळतं.

आता होलेस्कीची गोष्ट, ती मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. 24 फेब्रुवारी 2025 ला तिथे ‘पेक्ट्रा’ ही सुधारणा चालू झाली. इथेरियमची नोड-सॉफ्टवेअरं वेगवेगळ्या गटांनी लिहिलेली आहेत, मुद्दाम, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला सापडावी. पण गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तिघांत होलेस्कीच्या ठेव-कराराचा पत्ता चुकीचा राहिला होता. जाळ्यावर बहुमत याच तिघांचं. एक सदोष ब्लॉक आला, बहुमताने तो खरा मानला, आणि एरिगॉन व रेथ चालवणारे थोडे नोड बरोबर असूनही एकटे पडले. चुकीच्या साखळीला साक्ष देऊन बसलेल्यांना परत फिरणं कठीण होतं, कारण दोन्हीकडे साक्ष देणाऱ्याची ठेव कापली जाते. जाळं पुन्हा ताळ्यावर यायला 10 मार्च उजाडला.

‘इतके लोक तपासतात, चूक कशी होईल?’ हा स्कीमवाल्यांचा आवडता युक्तिवाद. होलेस्कीवर तपासणारे पुष्कळ होते, पण चूक तिघांच्या फायलींत एकाच जागी होती. हदीसशास्त्रात अनेक रावी एकाच उगमाकडे जात असतील तर त्यांना वेगवेगळे साक्षीदार धरत नाहीत, तोच प्रकार. अर्थात मुख्य जाळ्याचा पत्ता या सॉफ्टवेअरांत बरोबर होता, म्हणजे खऱ्या पैशावर ही आपत्ती आलीच असती असं म्हणता येत नाही. तरीही बहुमत चुकलं तर परत कसं फिरायचं, याचा सराव कोणाचा रुपया न बुडता झाला.

होलेस्की सावरली, पण ठेवी काढून घेणाऱ्यांची रांग इतकी लांबली होती की तिथे पुढच्या चाचण्या वेळेत होईनात. म्हणून घाईने हूडी उभारलं गेलं. 26 मार्चला पेक्ट्रा तिथे सुरळीत पार पडली आणि 7 मे 2025 ला खऱ्या इथेरियमवर लागू झाली.