डेटाबेस स्क्रिप्टांची सामूहिक अंमलबजावणी
एसक्यूएल आज्ञांच्या अनेक फाइली ठरलेल्या क्रमाने, एका दमात चालवण्याची पद्धत. नवा डेटाबेस उभारताना किंवा जुन्याची रचना बदलताना ती वापरतात. फॉरेन की ज्या टेबलाकडे बोट दाखवते, ते टेबल आधी तयार असावे लागते. म्हणून क्रम सांभाळणे आलेच. फाइलींची नावे अक्षरक्रमाने लावली तर ‘१०’ ही फाइल ‘२’च्या आधी येते. म्हणून ‘००२’, ‘०१०’ असे क्रमांक द्यावेत.

खरी कसोटी चूक झाल्यावर लागते. पोस्टग्रेसक्यूएलचे पीएसक्यूएल हे साधन एखादी आज्ञा फसली तरी पुढची चालवत राहते, आणि अर्धवट बदललेला डेटाबेस निस्तरणे फार जिकिरीचे असते. ते टाळण्यासाठी ‘ऑन एरर स्टॉप’ हा पर्याय मुद्दाम लावावा लागतो. पीएसक्यूएलमध्ये २०१६ मधील ९.६ आवृत्तीपासून अनेक फाइली एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवता येतात. एक फसली की सगळे बदल मागे फिरतात. मायएसक्यूएल व ओरॅकलमध्ये मात्र टेबलाची रचना बदलणारी आज्ञा चालताच तो बदल पक्का होतो. तिथे आधी बॅकअप घेतल्याशिवाय हे काम हाती घेऊच नये.

अशा फाइली चालवणारी फ्लायवेसारखी साधने चालून गेलेल्या फाइलींची नोंद डेटाबेसमधल्याच एका टेबलात ठेवतात.