मुंबईचा टोळ

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो पहूरचा राहणारा. जळगांवहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जातांना वाघूर नदीच्या कांठीं हें गांव लागतें. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग आहेत, आणि पाचोरा-जामनेरची अरुंद रुळांची गाडी इ. स. २०२० सालीं बंद पडेपर्यंत तेथें थांबत असे. कुशलप्रश्न झाल्यावर त्यानें पिशवींतून एक चकचकीत पुडी काढून माझ्यासमोर ठेविली. कोणा मित्रानें बँकॉकहून आणलेली ती पुडी तळलेल्या, मीठ-मसाला लाविलेल्या रातकिड्यांची होती.

"सर, पहूरला हे पाळावयाचे, वाळवून त्यांचें पीठ करावयाचें, आणि तें शेव-चकलींत घालून विकावयाचें, असा माझा विचार आहे," तो म्हणाला. बचत गटांतील बायकांस घरबसल्या काम मिळावें, शाळेच्या पोरांस प्रथिनें स्वस्त मिळावीं, आणि ह्या साऱ्यास पाणी व जागा थोडी लागावी, असा त्याचा हिशेब. त्यासाठीं वडिलांच्या तीन एकर कोरडवाहू जमिनीवर कर्ज काढावयाचें होतें. आईनें पुडीस हात लावण्याचेंही नाकारलें. वडील कांहींच बोलले नाहींत. "आपल्या लोकांस हें चालेल का? इतिहास काय सांगतो?"

इतिहासाच्या अध्यापकास इतका उपयोगी प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मीं त्याच्यापाशीं आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम आठवला तो छांदोग्य उपनिषदांतील उषस्ति चाक्रायण. कुरुदेश 'मटची'नें उद्ध्वस्त झाला असतां हा दरिद्री ब्राह्मण आपल्या बायकोसह एका गांवीं जाऊन राहिला. तेथें कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचें कडधान्य, खात बसलेल्या एका मनुष्यापाशीं त्यानें भीक मागितली. त्यानें पुढ्यांतलें उष्टेंच दिलें, तें उषस्तीनें घेतलें. परंतु वर पाणी देऊं केलें तें मात्र उष्टें म्हणून नाकारलें. मग हे कुल्माष उष्टे नव्हते का, असें विचारतां त्यानें उत्तर दिलें कीं ते न खातों तर मी जगलों नसतों, पाणी मात्र मला हवें तेथें मिळेल. 'मटची' ह्या शब्दाचा अर्थ शंकराचार्यांनीं विजेचा किंवा गारांचा आघात असा लाविला आहे. अलीकडच्या पंडितांनीं कानडी 'मिडिचे' ह्या शब्दाशीं त्याचें नातें जोडून टोळधाड असा अर्थ सुचविला, व मला तो अधिक पटतो. तो खरा धरला तर पाहा: ज्या टोळांनीं कुरूंचें पीक खाल्लें त्यांचा सडा चोहोंकडे पडला असतां हा उपाशी मनुष्य दुसऱ्याच्या पुढ्यांतलें कडधान्य मागावयास जातो. टोळ खाण्याची गोष्टही उपनिषद्कार काढीत नाहीं. आपत्काळीं काय चालतें ह्याची मर्यादा त्यानें पुष्कळ पुढें ढकलली, परंतु ती कडधान्याशीं येऊन थांबली.

इतर लोकांची मर्यादा अशी नव्हती. निनेव्हे येथील सेनाखेरिबाच्या राजवाड्यांतील कोरीव चित्रांत सेवक मेजवानीसाठीं काठ्यांस ओंवलेले टोळ नेतांना दिसतात. यहुद्यांच्या लेवीय ग्रंथांत बाकीचे पंखवाले किडे निषिद्ध ठरवून टोळांस मोकळीक दिली आहे. मुसलमानी धर्मशास्त्रांतही टोळ हलाल आहे. आणि बाप्तिस्मा करणारा योहान टोळ व रानमध ह्यांवर राहत असे, हें शुभवर्तमानांत सर्वांनीं वाचलेलें आहे. जेथें पीक थोडें व टोळ फार, तेथें टोळच पीक झाला.

आतां आपल्या इलाख्याकडे येऊं. टोळांच्या ज्या जाती माणसास छळतात त्यांतील एकीचें इंग्रजी नांवच 'मुंबईचा टोळ' असें पडलें आहे. शास्त्रीय नांव पतंगा सक्सिंक्टा. हा राजपुतान्याकडून येणारा वाळवंटी टोळ नव्हे. हिंवाळ्यांत ह्याच्या झुंडी सह्याद्रीच्या रानांत झाडांवर बसून राहतात, उन्हाळ्यांत इकडे तिकडे उडूं लागतात, आणि पाऊस पडतांच उघड्या मुलखांत पसरून जमिनींत अंडीं घालतात. वर्षास एकच पिढी. इ. स. १८८२-८३ सालीं आणि पुन्हां १९०३-०४ सालीं ह्या टोळानें मुंबई इलाख्यांत मोठा धुमाकूळ घातला. पहिल्या वेळीं सरकारनें मेलेल्या टोळांस वजनावर बक्षीस लाविलें. लोकांनीं जाळीं लाविलीं, थैल्या भरल्या, चर खणून पिल्लें त्यांत हांकलीं. कचेरींत माप झालें, पैसे मिळाले, आणि टोळ पुरून टाकले गेले. दुसऱ्या वेळीं हिंदुस्थान सरकारचा कीटकशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय नुकताच कामावर रुजू झाला होता. त्यानें ह्या टोळाचा जीवनक्रम तपासून १९०६ सालीं त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि मुंबईच्या टोळाविषयीं बोलणाऱ्यास आजही प्रथम तोच उघडावा लागतो. (हा गृहस्थ पुढें विलायतेस परतला आणि १९२५ सालीं प्रयोगशाळेंत कीटकनाशक वायूवर काम करीत असतां त्याच वायूनें मरण पावला.)

गंमत अशी कीं, इकडे टोळ पुरले जात होते त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८८५ सालीं, लंडनमध्यें व्हिन्सेंट होल्ट नांवाच्या एका इंग्रजानें 'किडे कां खाऊं नयेत?' अशा अर्थाच्या मथळ्याचें एक छोटेखानी पुस्तक छापलें. त्याचें म्हणणें, शेतमजुरांनीं पिकावरचे किडे वेंचून खावेत. धन्याचें पीक वांचेल आणि मजुराच्या ताटांत मांस पडेल. पुस्तकास त्यानें मेजवानीच्या पदार्थांची यादीही जोडली आहे. दोहोंचा लाभ दाखविणारी ही योजना वाचतांना मला एकच गोष्ट खटकली. मजुरास मांस परवडत नाहीं ह्याचें कारण त्याची मजुरी, आणि त्या मजुरीविषयीं होल्ट कांहींच सुचवीत नाहीं. विद्यार्थ्याच्या हिशेबांत मात्र मजुरीची ओळ होती, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

ह्यापुढची हकीकत मला अगदीं अनपेक्षित होती. हाच मुंबईचा टोळ, दुसरा कोणता नव्हे, पूर्वेकडे सयाम देशींही राहतो. तेथें रानें तोडून मक्याची लागवड वाढली तशी ह्याची संख्या वाढली. विमानांतून विष फवारून पाहिलें, पण टोळ हटेना. तेव्हां १९७८ ते १९८१ ह्या वर्षांत थायलंडच्या सरकारनें लोकांस टोळ धरून खाण्याचा उपदेश आरंभिला. हा उपदेश इतका फळास आला कीं तळलेला 'पतंगा' रस्त्यावरच्या हातगाड्यांवर विकला जाऊं लागला, त्याचा उपद्रव ओसरला, आणि कांहीं शेतकरी तर टोळांस खावयास मिळावें म्हणून मका पेरूं लागले. पुढें १९९८ च्या सुमारास तेथें रातकिडे पाळण्याचा धंदा सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१३ सालीं जो अहवाल काढिला त्यांत अशा सुमारें वीस हजार पालनगृहांची नोंद आहे. माझ्यापुढची पुडी ह्या कुळांतली होती. म्हणजे सातारा-रत्नागिरीच्या कचेऱ्यांनीं जें प्राणी मोजून मातींत घातले, त्यांच्याच जातभाईंस शंभर वर्षांनीं बँकॉकच्या फुटपाथवर भाव आला.

हें ऐकून माझा विद्यार्थी आनंदला. मला वाटलें तो येथेंच उठून बँकेंत जाईल. म्हणून दुसरी बाजू तितकीच सविस्तर सांगावी लागली.

१८८३ चें बक्षीस आणि थायलंडची हातगाडी ह्यांमध्यें एक तिसरी गोष्ट आहे. इ. स. २०२० सालीं वाळवंटी टोळांची धाड आपल्याकडे अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आली व अग्निशामक बंबांनीं विष फवारून ती हटवावी लागली, हें वाचकांस आठवत असेल. त्याच वर्षीं पंजाबच्या पाकिस्तानी भागांत, ओकारा जिल्ह्यांत, दोघा जाणत्या माणसांनीं निराळा प्रयोग केला. टोळ दिवसा उडतात, पण रात्रीं झाडांवर दाटीनें निपचित बसतात. विष न फवारलेल्या एका रानांत गांवकऱ्यांनीं ते रात्रीं गोळा करावे, किलोस वीस रुपये घ्यावे, आणि ते वाळवून कोंबड्यांच्या खाद्यांत घालावे. परदेशांतून आणाव्या लागणाऱ्या सोयाबीनपेक्षां हें खाद्य स्वस्त पडलें. लोक इतके लोटले कीं वीस टन टोळ जमतांच द्यावयास पैसे उरले नाहींत व काम थांबवावें लागलें. कल्पना खोटी नव्हती. परंतु टोळ हें सालोसाल येणारें पीक नव्हे. तो पोट भरावयास एक वर्ष येतो आणि मग कित्येक वर्षें फिरकत नाहीं. शिवाय जेथें फवारणी झाली असेल तेथला टोळ खाणें म्हणजे विषच खाणें.

"म्हणून तर मी पाळणार आहें, धरणार नाहीं," विद्यार्थी म्हणाला. उत्तर बरोबर होतें. पण मग पाळीव प्राण्यास खावयास घालणें आलें. रातकिड्याचें एक किलो वजन वाढावयास साधारण दोन किलो खाद्य लागतें. गाईबैलांच्या मांसाच्या मानानें हें फार थोडें आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु थायलंडांत तें खाद्य बहुधा कोंबड्यांचेंच असतें, आणि त्यांत सोयाबीन असतें. खानदेशांत आपण सोयाबीन, उडीद, मूग स्वतःच पिकवितों. ज्वारींत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी आपल्या आज्यांनीं प्रथिनांचें शास्त्र न वाचतांच थापली. उषस्तीचे कुल्माष तेच. तेव्हां कडधान्य किड्यास घालून किडा माणसास घालण्यापेक्षां तें कडधान्यच माणसास कां घालूं नये, ह्याचें उत्तर आधीं द्यावयास हवें. उत्तर असूं शकेल: भाजीमंडईंतील टाकाऊ पाला, केळीच्या बागांतील उरलेसुरलें खाद्य म्हणून चाललें तर हिशेब पालटेल. पण तें पहूरला करून पाहिल्याखेरीज कळणार नाहीं. शिवाय रातकिड्यास तीस अंशांच्या आसपास उष्णता मानवते, आणि आमच्या वैशाखांत पारा पंचेचाळिसास टेकतो.

आणि आवडीनिवडीचा प्रश्न? त्यावर माझें मत पुष्कळांस विचित्र वाटेल. मला तो सर्वांत सोपा वाटतो. पंचामृतांतला मध आपण माशीच्या पोटांतून घेतों. आठवड्याच्या बाजारांत सुकट विकत घेणारें घर कोळंबीचीं चिमुकलीं भावंडें भाकरीबरोबर खातें, आणि कोळंबी ही टोळाच्या दूरच्या नात्यांतली आहे. म्हणूनच जिला कोळंबी बाधते तिनें रातकिडाही खाऊं नये. ज्यांच्या घरीं मांस चालत नाहीं त्यांस हें कधींच चालणार नाहीं, व चालावें असा आग्रहही कोणी धरूं नये. त्या घरांस कळण्याची भाकरी पुरते. गडचिरोलीचे माडिया लोक तांबड्या मुंग्यांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. ओरिसांतील मयूरभंजच्या अशाच चटणीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां शहरांतले लोक कौतुकानें बोलूं लागले. त्याआधीं तेच अन्न रानटीपणाचें लक्षण ठरत होतें.

मला खरी भीति निराळीच वाटते. इ. स. १८९२ सालीं मुंबई सरकारनें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांपुरता मोहाचा कायदा केला. मोहाचीं फुलें गोरगरिबांचें व रानांतल्या लोकांचें अन्न होतें. पण त्यांची दारूही होते, आणि दारूवर सरकारचें उत्पन्न होतें. म्हणून फुलें वेंचण्यावर व बाळगण्यावर बंधन आलें. अन्नास दुसरा भाव लागला कीं पहिला खाणारा ताटावरून उठतो. रातकिड्यांस कायद्याची गरजही लागणार नाहीं. थायलंडांत हे किडे कित्येकदां मांसाहून महाग विकले जातात. पुण्या-मुंबईच्या व्यायामशाळांतील तरुणांस प्रथिनांची पुडी चढ्या भावानें विकतां येत असतां, पहूरच्या शाळेंतील पोरास ती स्वस्त कां विकावी?

हें मीं त्यास विचारलें. त्यानें आपली वही उघडली. पुण्याचा भाव लिहिलेला होता, मुंबईचा होता, बंगळूरचाही होता. पहूरच्या नांवापुढें रकाना कोरा होता. तो बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत बसला, आणि मग माझ्याकडून पेन्सिल मागून घेऊन कांहीं आंकडे मांडले, खोडले, पुन्हां मांडले. जातांना पुडी विसरला.

माघांत त्याचें पत्र आलें. कर्ज काढलें नाहीं. गुरांच्या गोठ्यांत चार खोकीं मांडलीं आहेत. खाद्य म्हणून भाजीचा पाला व ताकाच्या निवळींत भिजविलेला कोंडा घालून पाहतों आहें. पहिल्या खेपेचे निम्मे मेले. जे जगले ते आईच्या कोंबड्यांस घातले. आई आतां खोक्यांचें झांकण स्वतः उघडते, कारण कोंबड्या अंडीं अधिक देतात असें तिला वाटतें. तो अजून मोजतो आहे. अंडीं पहूरच्या बाजारांत विकलीं जातात, आणि भाव बाजारांत इतरांचा असतो तोच ठेविला आहे. वैशाखांत खोकीं कोठें हलवावींत, घराच्या मागच्या खोलींत कीं वाघूरच्या कांठच्या चुलत्याच्या मळ्यांत, ह्याविषयीं त्यानें माझें मत विचारलें आहे. मीं मळ्यांत म्हणून कळविलें आहे.