सुजेचें दुखणें आणि बिनसुजेचें दुखणें



सांधे दुखूं लागले म्हणजे आपल्याकडे घरोघरीं ‘वात झाला’ असें म्हणतात. हा शब्द इतका ऐसपैस आहे कीं, त्याच्या पोटांत निरनिराळ्या प्रकृतीचीं दहा दुखणीं सुखानें राहतात. वैद्यकाची प्रगति मात्र हा शब्द फोडण्यानेंच झाली. ती हकीकत आज थोडक्यांत सांगतों.

प्रथम आपल्या इकडचें पाहूं. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकरानें आपल्या निदानग्रंथांत आमवातासाठीं स्वतंत्र प्रकरण लिहिलें. साध्या वाताला तेल चोळावें, आमवातांत मात्र आधीं लंघन व कोरडा शेक द्यावा, असा भेद पुढील वैद्यांनीं केला. आमवात म्हणजेच आजचा संधिवात, असें समीकरण मी मांडीत नाहीं. परंतु सारखी भासणारी वेदना सारख्याच उपचाराची नसते, हें तत्त्व त्यांत उघड आहे.

युरोपांत १८०० सालीं लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरानें पॅरिसमधील आपल्या प्रबंधांत नऊ स्त्रियांच्या सांधेदुखीचें वर्णन केलें. पण हा गाउटचाच प्रकार, असें त्याला वाटलें. लंडनच्या गॅरड यांनीं १८४८ सालीं गाउटच्या रोग्यांच्या रक्तांत यूरिक आम्लाचा अंश अधिक असल्याचें दाखविलें, आणि १८५९ सालीं या दुसऱ्या रोगास ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हें निराळें नांव दिलें.

नांव मिळालें, तरी औषध मिळावयास फार काळ लागला. १८९९ सालीं आलेल्या अ‍ॅस्पिरिननें कळ थांबे, सांध्याची झीज थांबत नसे. १९२९ सालीं फ्रान्सच्या फोरेस्तिए यांनीं सोन्याच्या क्षारांचीं इंजेक्शनें दिलीं. हा रोग क्षयासारखा असावा, ही त्यांची समजूत चुकीची ठरली. गुण मात्र कित्येकांस आला. सप्टेंबर १९४८ मध्यें अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फिलिप हेन्च यांनीं एका एकोणतीस वर्षांच्या स्त्रीस कॉर्टिसोन टोंचलें, आणि अंथरुणास खिळलेली ती बाई थोड्याच दिवसांत चालूं लागली. १९५० सालीं हेन्च यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्या औषधाचे दुष्परिणामही लौकरच कळून आले. पुढें आठवड्यांतून एकदां घ्यावयाचें मेथोट्रेक्सेट १९८८ सालीं अमेरिकेंत या रोगासाठीं मान्य झालें, व १९९८ पासून जैविक औषधें आलीं. सूज आवरण्याचें सामर्थ्य आतां खरोखर हातीं आलें.

परंतु सूज ओसरूनही अंग ठणकतच राहिलें, तर? १९०४ सालीं गॉवर्स यांनीं स्नायूंच्या अशा दुखण्यास ‘फायब्रोसायटिस’ म्हटलें. तंतूंना सूज येते, असा त्या नांवाचा अर्थ. ती सूज मात्र पुढें सांपडली नाहीं. म्हणून १९७६ सालीं ‘फायब्रोमायाल्जिया’, म्हणजे केवळ तंतु-स्नायूंची वेदना, हें नांव पुढें आलें. तें सुचविणारे डॉक्टर कॉर्टिसोनच्या हेन्च यांचे चिरंजीव होत! पित्यानें सुजेवर उपाय शोधला. पुत्रानें बिनसुजेच्या वेदनेस नांव दिलें.

संधिवाताच्या सुमारें पांचांतल्या एका रोग्यास हीं दोन्ही दुखणीं असतात, आणि खरी कसोटी तेथेंच लागते. आज रोगाचें मान ठरवितांना अठ्ठावीस सांधे तपासतात. त्यांतले दुखरे किती, सुजलेले किती, रक्तांतील सुजेची खूण किती, आणि रोग्यास स्वतःस कसें वाटतें, अशा चार गोष्टी मिळून एक आंकडा येतो. पैकीं दोन गोष्टी रोग्याच्या सांगण्यावर अवलंबून. सूज नसतांही आंकडा चढतो, आणि त्या आंकड्यावर विसंबून औषध वाढविलें, तर प्रतिकारशक्ति उगाच दडपली जाते. दुखणें तसेंच राहतें. म्हणून जाणते डॉक्टर सांधा हातानें चांचपतात, जरूर तर सोनोग्राफी करून पाहतात. सूज असेल, तर तिच्यावरील औषध बदलतात. नसेल, तर बेताबेतानें वाढविलेला व्यायाम, झोंपेची काळजी आणि जरूर तर मज्जातंतूंची संवेदना शमविणारें औषध देतात.

उलट चूकही तितकीच घातक आहे. ‘हें तुमचें नेहमींचेंच’ म्हणून खरी सूज दुर्लक्षिली, तर वांकलेलीं बोटें पुन्हां सरळ होत नाहींत.

या इतिहासाचा बोध एवढाच कीं, सूज दिसत नाहीं म्हणून वेदना खोटी ठरत नाहीं, आणि वेदना आहे म्हणून सूज असेलच असें नाहीं. घरांतलें माणूस ‘दुखतें’ म्हणालें, तर आपण प्रथम त्यावर विश्वास ठेवावा. दुखणें कोणतें, हें ठरविण्याचें काम मग डॉक्टरांचें.