बाजाराच्या भविष्यवेत्त्यांची परीक्षा

शेअरबाजारांत कोणता शेअर चढेल आणि कोणता पडेल हें अगोदर सांगण्याचा धंदा आजचा नव्हे. अलीकडे त्याला संगणकाचें साह्य मिळालें आहे इतकेंच. वर्गणी भरली कीं आज काय घ्यावें व उद्यां काय विकावें हा निरोप घरबसल्या मोबाइलवर येतो. साधन नवें, माल मात्र तोच. या मालाविषयीं कोणाही व्यवहारी गृहस्थाच्या मनांत येणारा प्रश्नही जुनाच आहे: ज्याला उद्यांचा भाव ठाऊक आहे तो स्वतः मुकाट्यानें धनवान् होण्याऐवजीं आपलें ज्ञान वर्गणीच्या मोलानें कां विकतो? प्रश्न मार्मिक खरा. पण केवळ मार्मिक प्रश्नानें वादाचा निकाल लागत नाहीं. सल्ला फलद्रूप होतो कीं नाहीं हें मोजूनच पाहिलें पाहिजे. असें मोजमाप शिस्तीनें करण्याचें श्रेय अमेरिकेंतील आल्फ्रेड कोल्स या गृहस्थाकडे जातें.

कोल्स याचा जन्म १८९१ सालीं शिकागो येथील एका सधन घराण्यांत झाला. ‘शिकागो ट्रिब्यून’ या सुप्रसिद्ध वृत्तपत्राच्या मालकींत या घराण्याचा भाग होता. येल विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ऐन उमेदींत त्याला क्षयाची बाधा झाली आणि हवापालटासाठीं तो रॉकी पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं येऊन राहिला. तेथें बसून तो कुटुंबाच्या भांडवलाची व्यवस्था पाही, आणि त्या कामीं मार्गदर्शन व्हावें म्हणून बाजाराचीं भाकितें छापणारीं अनेक सल्लापत्रें विकत घेई. हीं पत्रें परस्परांशीं क्वचितच जुळत. तेव्हां यांतील खरें कोणतें हें ठरविण्यासाठीं १९२८ सालापासून त्यानें प्रत्येकाच्या भाकितांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. ज्योतिष्याचीं चुकलेलीं भाकितें कोणी टिपून ठेवीत नाहीं आणि एखादें खरें ठरलेलें मात्र गांवभर होतें, हा अनुभव आपल्याकडेही आहे. कोल्सनें चुकलेलीं व बरोबर आलेलीं, दोन्हीं टिपलीं; त्याचें वैशिष्ट्य एवढेंच, आणि तें थोडें नव्हे.

नोंदीला काळही विलक्षण लाभला. ३ सप्टेंबर १९२९ रोजीं न्यूयॉर्कच्या बाजाराचा डाऊ-जोन्स निर्देशांक ३८१ वर होता. ८ जुलै १९३२ रोजीं तो ४१ वर आला. शंभर रुपयांचे अकरा रुपयेसुद्धां राहिले नाहींत! या प्रलयाची पूर्वसूचना कोणी दिली होती काय? एकानें दिली होती. सल्लापत्रांच्या धंद्यांतील बडें प्रस्थ रॉजर बॅब्सन यानें ५ सप्टेंबर १९२९ रोजीं, आज ना उद्यां बाजार कोसळणार, असें जाहीर व्याख्यानांत सांगितलें आणि त्याच दिवशीं भाव घसरले. त्यामुळें बॅब्सनचें नांव द्रष्ट्यांच्या मालिकेंत गेलें. परंतु हेंच भाकित तो दोन वर्षें करीत आला होता, आणि त्या दोन वर्षांत निर्देशांक जवळजवळ दुप्पट झाला होता, हें सहसा सांगितलें जात नाहीं. उलट बाजूस येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर हे ऑक्टोबरच्या मध्यावर, शेअरांचे भाव आतां कायमच्या उंच पठारावर स्थिर झाले आहेत, असें सांगत होते. पंधरा दिवसांच्या आंत पठार खचलें, आणि त्याबरोबर फिशर यांची स्वतःची संपत्तीही गेली. फिशर ठक नव्हते. आपल्या मतावर त्यांनीं आपला पैसा लावला होता. प्रामाणिकपणा आणि भविष्यज्ञान या दोन निराळ्या वस्तू आहेत, एवढें यावरून दिसतें.

मोजणी शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून कोल्सनें हॅरोल्ड डेव्हिस या गणिताच्या प्राध्यापकाचें साह्य घेतलें, छिद्रांकित पत्रिकांवर चालणारें गणनयंत्र कामास लावलें, आणि १९३२ सालीं स्वतःच्या खर्चानें एक संशोधनमंडळ स्थापन केलें. त्याच वर्षीं ३१ डिसेंबर रोजीं सिन्सिनाटी शहरीं विद्वानांच्या सभेंत त्यानें आपला निबंध वाचला; पुढें १९३३ सालीं तो ‘इकॉनोमेट्रिका’ या नव्या नियतकालिकांत छापला गेला. ज्या संस्थेचें हें नियतकालिक, तिचे पहिले अध्यक्ष फिशर हेच होते, हा एक योगायोग. बाजाराचे भविष्यवेत्ते खरोखर भविष्य सांगूं शकतात काय, हा निबंधाचा विषय.

पद्धत साधी होती. सोळा संस्थांनीं १९२८ पासून १९३२ च्या मध्यापर्यंत विशिष्ट शेअरांसंबंधीं ज्या सुमारें ७,५०० शिफारसी केल्या, त्या एखाद्या वर्गणीदारानें तंतोतंत पाळल्या असत्या तर काय झालें असतें याचा हिशेब केला, आणि सामान्य शेअरांच्या सरासरीशीं त्याची तुलना केली. सल्ला पाळणारा सरासरीपेक्षां वर्षाला १.४३ टक्क्यांनीं मागें पडला. वीस आगविमा कंपन्यांच्या शेअरखरेदीचीही अशीच छाननी झाली. या कंपन्यांपाशीं पैसा होता, अनुभवी माणसें होतीं, लोकांना भुलविण्याचें कारण नव्हतें. तरी त्याही वर्षाला १.२० टक्क्यांनीं मागेंच राहिल्या.

सर्वांत उद्बोधक कसोटी पत्त्यांची. चोवीस प्रकाशनांनीं एकंदर बाजाराविषयीं केलेलीं भाकितें कोल्सनें तपासलीं, आणि त्यांच्या जोडीला चोवीस काल्पनिक भविष्यवेत्ते निर्माण केले. या काल्पनिक मंडळींचें ‘मत’ म्हणजे खुणा केलेल्या पत्त्यांतून डोळे मिटून काढलेला एक पत्ता! दोन्ही पंक्ती शेजारीं मांडल्या तेव्हां दिसलें तें असें: खऱ्या भविष्यवेत्त्यांतील सर्वश्रेष्ठ हा पत्त्यांतील सर्वश्रेष्ठाहून फारसा सरस नव्हता; पण खऱ्यांतील सर्वांत निकृष्ट मात्र पत्त्यांतील निकृष्टाहूनही वाईट होता.

या कसोटीचें मर्म नाण्याच्या खेळानें चटकन् उमगतें. १,०२४ माणसांनीं दरवर्षीं नाणें उडवून ‘चढेल’ कीं ‘पडेल’ हें सांगावें. पहिल्या वर्षीं सुमारें निम्मे बरोबर येतील, दुसऱ्या वर्षीं त्यांचे निम्मे. दहा वर्षांनंतर एकादा असा उरेल कीं ज्याचें एकही भाकित चुकलें नाहीं. त्याच्याकडे विद्या तिळभर नाहीं. परंतु जाहिरात त्याचीच निघेल, आणि उरलेल्या १,०२३ जणांचें कोणाला स्मरणही राहणार नाहीं. म्हणून एकट्याची दहा वर्षांची कीर्ति हा पुरावा होत नाहीं. किती जण रिंगणांत उतरले होते हें कळल्यावांचून ती कीर्ति तोलतांच येत नाहीं.

कोल्सच्या निकालांतील एक कलम मात्र पुढें फेरतपासणींत थोडें बदललें. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे संपादक विल्यम पीटर हॅमिल्टन यांच्या सव्वीस वर्षांच्या अग्रलेखांवरून कोल्सनें हिशेब केला होता: बदलाच्या नव्वद सूचनांपैकीं पंचेचाळीस बरोबर, पंचेचाळीस चूक, त्यांच्या सल्ल्यानें वर्षाला १२ टक्के, तर शेअर घेऊन स्वस्थ बसणाऱ्यास १५.५ टक्के. १९९८ सालीं तीन अर्थशास्त्रज्ञांनीं तेच अग्रलेख पुन्हां तपासले. हॅमिल्टन यांचा अनुयायी बराच काळ बाजाराबाहेर राहिला असता, सबब त्यानें पत्करलेला धोकाही कमी होता. तो हिशेबांत धरल्यास हॅमिल्टन यांना थोडें श्रेय द्यावें लागतें, असें त्यांना आढळलें. तेव्हां कोणालाच कधीं कांहीं कळत नाहीं असा टोकाचा निष्कर्ष काढणें रास्त नव्हे. मात्र हॅमिल्टन यांचे अग्रलेख चार पैशांच्या वर्तमानपत्रांत होते, हेंही ध्यानांत घेण्यासारखें आहे.

१९४४ सालीं कोल्सनें दुसरा निबंध प्रसिद्ध केला. साडेपंधरा वर्षांतील ६,९०४ भाकितें त्यानें या वेळीं तपासलीं. भविष्य सांगण्याची शक्ति याही वेळीं आढळली नाहीं. पण एक गोष्ट उघड झाली. तेजीचीं भाकितें मंदीच्या भाकितांच्या चौपटीहून अधिक होतीं, आणि त्या काळाचा निम्म्याहून अधिक भाग तर मंदीचाच होता! वर्गणीदाराला जें ऐकावेंसें वाटतें तें त्याला ऐकविलें जात होतें. सल्लागार अर्थातच रुष्ट झाले. या माणसाला आमची नोंद ठेवण्यास कोणी नेमलें, असें ते विचारूं लागले. कितीही वेळां असा निकाल छापला तरी लोक वर्गण्या भरतच राहतील, असें कोल्सचें उतारवयांतील मत होतें. जगांत कोणालाच उद्यांचें ठाऊक नाहीं ही कल्पना माणसाला सोसवत नाहीं, असें तो म्हणे.

येथवर प्रश्न अज्ञानाचा झाला. लबाडीचा निराळा आहे. १९६० सालीं न्यूयॉर्कच्या ‘कॅपिटल गेन्स रिसर्च ब्यूरो’ या सल्लापत्राच्या चालकांनीं, ज्या शेअरांची शिफारस छापावयाची ते आधीं स्वतः घेतले, पत्र वर्गणीदारांच्या हातीं पडून भाव चढतांच विकले. शिफारस ‘खरी’ ठरली, कारण शिफारशीनेंच भाव चढला! १९६३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं अशी खरेदी वर्गणीदारांपासून लपविणें हा १९४० च्या सल्लागार-कायद्याचा भंग होय. भारतांत ‘सेबी’नें सल्लागारांसाठीं २०१३ सालीं व संशोधन-विश्लेषकांसाठीं २०१४ सालीं नियम करून नोंदणी आवश्यक केली. हमखास नफ्याचें आश्वासन देण्यास तेथें मनाई आहे. आणि सेबीची नोंदणी ही फलप्राप्तीची हमी नव्हे, हें त्या सल्लागारांनाच छापावें लागतें. तें बारीक अक्षरांत असतें, वाचणारे थोडे.

संगणकाच्या प्रणालींत नवें तें काय? तेथें १,०२४ माणसें लागत नाहींत. एकच यंत्र एका रात्रींत सहस्रावधि नियम गतवर्षांच्या भावांवर लावून पाहतें आणि जो सर्वांत उत्तम जुळला तो पुढें ठेवतें. मग जाहिरातींत गेल्या दहा वर्षांची चढती रेघ दिसते. ती रेघ खोटी नसते. परंतु ती उत्तर पाहून सोडविलेल्या गणितासारखी असते. जुळणीनंतरच्या काळांतील, खर्च व वर्गणी वजा जातां उरलेला, चुकांसह संपूर्ण हिशेब मागावा, तर बहुधा मिळत नाहीं. लाख रुपये बाळगणाऱ्या कुटुंबानें महिना हजार रुपये वर्गणी भरली, तर सरासरीची बरोबरी गांठण्यासच त्याला शेंकडा बारा अधिक मिळवावे लागतात. कोल्सच्या सोळा संस्थांना वर्गणी न धरतांही बरोबरी साधली नव्हती.

त्या सरासरीलाच कोल्सनें पुढें अधिक श्रम वाहिले. १९३८ सालीं त्याच्या मंडळानें १८७१ पासूनच्या न्यूयॉर्कमधील शेअरांच्या भावांचे निर्देशांक सिद्ध करून प्रसिद्ध केले. संशोधक ते आजही वापरतात. कोणाच्याही सल्ल्यावांचून केवळ सरासरी मिळवून देणारा फंड सामान्य लोकांसाठीं जॉन बोगल यांनीं १९७६ सालीं काढला, तेव्हां पंधरा कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती. जमले एक कोटी तेरा लाख, आणि धंद्यांतील लोकांनीं त्या फंडाला ‘बोगलचा वेडेपणा’ असें नांव ठेविलें.