फुशिमीचे पाणी आणि ओकुरांची कोठी

जपानातील क्योतो नगराच्या दक्षिणेस फुशिमी नावाची जुनी वसाहत आहे. तेथे एका अरुंद कालव्याच्या काठी चोकेन्जी हे शिंगोन संप्रदायाचे लहानसे मंदिर उभे आहे. १६९९ मध्ये स्थापन झालेल्या या मंदिराची अधिष्ठात्री देवता बेंझाइतेन होय. बेंझाइतेन म्हणजे दुसरी-तिसरी कोणी नसून चीनमार्गे जपानला गेलेली आपली सरस्वतीच. येथे ती अष्टभुजा आहे, आणि मूळची नदीदेवता असल्याची आठवण ठेवून ती पाण्याच्या काठीच वसलेली आहे. मंदिराच्या अंगणात एक झरा वाहतो, त्यास 'आकासुइ' म्हणतात. 'सुइ' म्हणजे पाणी, आणि 'आका' हा शब्द संस्कृत 'अर्घ' या शब्दाचे जपानी रूप आहे. देवास द्यावयाचे अर्घ्योदक ते हेच.

कालव्याच्या पलीकडच्या तीरावर विलो वृक्षांच्या रांगेआड काळ्या लाकडी भिंतींच्या लांबच लांब कोठ्या दिसतात. त्या ओकुरा घराण्याच्या, म्हणजे आज 'गेक्केइकान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मद्यनिर्मात्यांच्या होत. अलीकडे अर्घ्य आणि पलीकडे मद्य, आणि दोहोंसाठी फुशिमीच्याच भूमीखालचे पाणी! या योगायोगामुळेच या घराण्याची कथा वाचकांस सांगावी असे आमच्या मनात आले.

देवळाच्या पायरीवर वाढलेल्या आमच्या वाचकांतील कित्येकांस हा विषय रुचणार नाही, याची आम्हांला जाणीव आहे. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या देशात तांदळाचे मद्य देवास अर्पण करून मग तेच प्रसाद म्हणून सर्वांनी वाटून घेतात, त्या देशात ते करणाराचा धंदा केवळ धंदा राहत नाही. उज्जयिनीच्या काळभैरवाचे दर्शन घेतलेल्या आमच्या इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना मद्याचा नैवेद्य ही कल्पना अगदीच परकी वाटणार नाही. क्योतोच्या पश्चिमेस मात्सुओ हे देवस्थान मद्य करणारांचे दैवत मानले जाते. हंगामाच्या आरंभी शरदात तेथे जाऊन ते निर्विघ्नतेची प्रार्थना करतात, आणि वसंतात हंगाम आटोपला की आभार मानण्यास पुन्हा जातात.

गोमंतकाचाही या कथेशी एक धागा आहे. लुईस फ्रॉइस हा पोर्तुगीज जेझुइट १५४८ मध्ये गोव्यास आला आणि येथे कित्येक वर्षे राहून १५६३ मध्ये जपानला पोहोचला. युरोपीय व जपानी चालीरीतींतील विरोध दाखविणारे एक लहानसे पुस्तक त्याने १५८५ मध्ये लिहिले. आम्ही मद्य थंड करून पितो, हे लोक ते ऊन करून पितात, असे त्याने त्यात नोंदविले आहे. ते मद्य म्हणजेच साके. आपल्याकडील काजूच्या फेणीसारखे ते भट्टीवर गाळलेले नसते. तांदूळ आंबवून मग पिळून काढलेले असते. तांदळात साखर जवळजवळ नसतेच, आणि साखरेवाचून मद्य होत नाही. म्हणून वाफवलेल्या तांदळावर 'कोजी' नावाची बुरशी वाढवितात. ती पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, किण्व त्या साखरेचे मद्य करीत राहते. या दुहेरी क्रियेमुळे साकेतील मद्यार्काचे प्रमाण न गाळताही शेकडा वीसपर्यंत चढू शकते.

ही विद्या घडविण्यात मोठा वाटा बौद्ध भिक्षूंचा होता, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल. पंचशीलांपैकी पाचवे शील मद्याचा स्पष्ट निषेध करते. तरीही पंधराव्या शतकात नाराजवळील शोर्याकुजी या मठातील भिक्षू उत्तम साके करण्याविषयी विख्यात होते. कच्चे तांदूळ थोड्या भातासह पाण्यात भिजत ठेवून ते पाणी आंबू द्यावयाचे, आणि त्या आंबट पाण्यावर किण्व धरावयाचे, ही त्यांची युक्ती. कांजी आणि आंबील करणाऱ्या आमच्या गृहिणींना ती समजावून सांगावयास नको. नारा येथीलच दुसऱ्या एका मठाच्या रोजनिशीत, १५६० च्या दशकात, साके टिकावे म्हणून ते मंद आचेवर तापविल्याची नोंद आहे. पाश्चरच्या शोधाला तेव्हा तीनशे वर्षे अवकाश होता. मठात मद्याला 'हान्न्या-तो' हे टोपणनाव होते. 'हान्न्या' म्हणजे संस्कृत 'प्रज्ञा', आणि 'तो' म्हणजे ऊन पाणी. प्रज्ञेचा काढा! शील मोडताना माणसाची बुद्धी किती तल्लख होते, याचे याहून गोड उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

असो. फुशिमीचे नाव पूर्वी 'दडलेले पाणी' अशा अर्थाच्या अक्षरांनीही लिहीत असत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिदेयोशीने तेथे गढी बांधली आणि नगर वसविले. पुढे गढी पाडली गेली, तरी नगर राहिले. कारण १६१४ मध्ये पुऱ्या झालेल्या ताकासे कालव्याने ते क्योतोशी जोडले गेले होते, आणि खाली योदो नदीतून ओसाकाकडे तीस कोकूंच्या नौका ये-जा करीत होत्या. या नदीबंदरात १६३७ साली कासागी गावचा ओकुरा जिएमोन येऊन राहिला. गावाच्या नावावरून त्याने दुकानास 'कासागिया' म्हटले आणि आपल्या साकेस 'तामा नो इझुमी', म्हणजे रत्नाचा झरा, असे नाव दिले. १६५७ मध्ये फुशिमीत ८३ मद्यनिर्माते होते, त्यांतला हा एक. त्यानंतरची दोनशे वर्षे सांगण्याजोगी फारशी घडामोड नाही. दुष्काळ पडला की सरकार तांदूळ वाचविण्यासाठी मद्याचे प्रमाण घटवी, आणि समुद्रकाठच्या नादा प्रांतातील मोठे निर्माते जहाजे भरभरून साके एदो नगरीस पाठवीत. फुशिमी आत पडलेले. तेथील माल वाटसरू आणि नावाडी यांच्यापुरता. एकामागून एक कोठ्या बुडाल्या. ओकुरा तेवढे लहान राहून तगले.

२७ जानेवारी १८६८ रोजी शोगुनाचे सैन्य आणि सम्राटाच्या पक्षाचे सैन्य यांची गाठ तोबा आणि फुशिमी येथे पडली. लढाईत नगराचा मोठा भाग जळून गेला. १८२८ मध्ये बांधलेले ओकुरांचे घर मात्र आगीतून वाचले, आणि ते आजही उभे आहे.

या कथेचा खरा नायक अकरावा वंशज ओकुरा त्सुनेकिची होय. १८८६ मध्ये घराची सूत्रे त्याच्याकडे आली, तेव्हा तो अवघा बारा-तेरा वर्षांचा होता. कोठीत वर्षास पाचशे कोकू, म्हणजे सुमारे नव्वद हजार लिटर साके होई. मालकाचा मुलगा असूनही तो नोकरांबरोबर कामाला लागला, आणि धंदा हिशेबाच्या वहीतून न शिकता पिंपाजवळ उभा राहून शिकला. त्याच सुमारास, १८८९ मध्ये, तोक्योपासून कोबेपर्यंत लोहमार्ग अखंड झाला. नाद्याच्या जहाजांपुढे दोन शतके हरलेल्या फुशिमीला आगगाडीने जणू समुद्र मिळवून दिला. १९०५ मध्ये त्याने आपल्या साकेस 'गेक्केइकान' हे नवे नाव दिले. प्राचीन ग्रीक विजेत्यांच्या मस्तकी जो लॉरेलच्या पानांचा मुकुट चढवीत, तो हा. अडीचशेहून अधिक वर्षांच्या जपानी घराण्याने ग्रीक चिन्ह धारण करावे, यात त्या मेइजी युगाचा सारा उतावळेपणा दिसतो. परंतु नाव लोकांच्या जिभेवर बसले, हेही खरे.

साके करणाराचे सर्वांत मोठे भय नासाडीचे. एका जातीचे जिवाणू शिरले की पिंपेच्या पिंपे गढूळ होऊन आंबत, आणि एका उन्हाळ्यात कोठीचे दिवाळे निघे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साकेत सॅलिसिलिक आम्ल घालण्याचा प्रघात पडला, आणि तो पुढे १९६९ पर्यंत चालला. त्सुनेकिचीला ही वाट पसंत नव्हती. १९०९ मध्ये त्याने कोठीतच प्रयोगशाळा उभारली आणि विद्यापीठात शिकलेला तंत्रज्ञ नेमला. ज्या काळी साकेची परीक्षा नाकाने आणि जिभेने होत असे, त्या काळी परंपरेने चालत आलेल्या कोठीत सूक्ष्मदर्शक आणणे हे जुन्या कारागिरांना कसे वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. दोनच वर्षांत, १९११ मध्ये, रक्षकद्रव्य मुळीच न घातलेले साके बाटलीत भरून त्याने विकावयास काढले. तोवर साके लाकडी पिंपातून येई आणि दुकानदार त्यात काय मिसळतो हे देवच जाणे. बंद बाटलीने तो प्रश्नच मिटविला. १९१० मध्ये त्याने तोंडावर लहान पेला बसविलेली छोटी बाटली काढली. ती स्थानकांवर विकली जाऊ लागली आणि आगगाडीबरोबर गेक्केइकानचे नाव देशभर पोहोचले. त्सुनेकिची १९५० मध्ये वारला. पाचशे कोकूंची कोठी त्याच्या हयातीत शंभर पटींनी वाढली होती.

परंतु आम्हांला अधिक मोलाची वाटते ती दुसरीच एक घटना. १९२८ मध्ये सम्राटाचा राज्यारोहण सोहळा क्योतोस व्हावयाचा होता, आणि तत्पूर्वी नारा व क्योतो यांस जोडणारी विजेची आगगाडी सुरू करण्याची घाई होती. फुशिमीतून मार्ग भुयारातून नेण्याचे ठरले. मद्यनिर्माते एकत्र झाले. भुयार खणले तर जमिनीखालच्या पाण्याचा प्रवाह तुटेल, आणि पाणी गेले की फुशिमी गेले, असे त्यांचे म्हणणे. एरवी एकमेकांची गिऱ्हाइके पळविणारे हे लोक या एका गोष्टीत एकजूट राहिले. भूजलाची शास्त्रीय तपासणी करविण्यात आली, आणि अखेरीस भुयाराचा बेत सोडून मार्ग उंच खांबांवरून नेण्यात आला. आजही त्या गाड्या फुशिमीच्या छपरांवरून धावतात आणि पाणी खाली आपल्या वाटेने वाहते. तळ्या-विहिरींच्या काठी देवळे बांधणाऱ्या आपल्या समाजाने हा प्रसंग दोनदा वाचावा. फुशिमीचे हे पाणी नाद्याच्या पाण्याहून मृदू असते, म्हणून नाद्याचे साके पुरुषी आणि फुशिमीचे बायकी, असा तिकडे वाक्प्रचार आहे.

युद्धाने तांदळाची टंचाई आणली. १९४९ पासून साकेत बाहेरचा मद्यार्क, साखर आणि आम्ले मिसळून ते तिप्पट करण्याची रीत सरकारमान्य झाली. पोट भरण्यास तांदूळ नसताना मद्यासाठी तो कोठून आणावा, हे कारण समजण्यासारखे आहे. पण सुकाळ आल्यावरही ती रीत दशकानुदशके चालू राहिली, हे समजण्यासारखे नाही. २००६ मधील कायद्याच्या बदलानंतरच अशा मिश्रणास साके हे नाव लावणे बंद झाले.

१९६१ मध्ये ओकुरांनी आणखी एक मोठा पालट केला. सतराव्या शतकापासून साके हिवाळ्यातच करावयाचे अशी रूढी होती. हिमाने शेते झाकली की तांबा, एचिझेन अशा प्रांतांतील शेतकरी 'तोजी' नामक मुख्य कारागिराच्या मागे कोठ्यांत येऊन राहत, आणि वसंतात पेरणीस परत जात. तांदूळ धुताना, आंबवण घुसळताना ते गाणी म्हणत. ती गाणी हेच त्यांचे घड्याळ होते, अमुक कडवी संपली की घुसळणे पुरे. ओकुरांच्या नव्या 'ओतेगुरा' कोठीत यंत्रांनी बाराही महिने हिवाळा निर्माण केला. वर्षभर साके होऊ लागले, कामगारांना बारमाही नोकरी आणि घरी परतण्याची संध्याकाळ मिळाली. घरादारापासून सहा-सहा महिने दूर राहणाऱ्या त्या शेतकऱ्यांच्या बायकांना विचारले असते तर त्यांनी यंत्रालाच कौल दिला असता, असे आम्हांला वाटते. गाण्यांचे मात्र वाईट वाटते.

१९८७ मध्ये कंपनीने ओकुरा हे नाव सोडून गेक्केइकान हेच नाव धारण केले, आणि दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातील फॉल्सम येथे कंपनी स्थापून तेथील पाण्यावर व तांदळावर साके करण्याचा उद्योग आरंभिला. घरी मात्र दिवस कठीण आले होते. १९७३ मध्ये जपानात साकेचा खप सतरा लाख किलोलिटरांच्या वर गेला होता. आज तो त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी आहे. तरुण पिढी बिअरकडे वळली, किंवा पिणेच सोडून बसली. आम्ही त्याबद्दल शोक करणार नाही. तथापि डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोजीपासून मद्य करण्याच्या जपानी विद्येला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा त्या पिंपाजवळच्या गाण्यांची आठवण कोणाला तरी झाली असेल.

ज्या १९०९ साली प्रयोगशाळा निघाली, त्याच साली बांधलेल्या एका कोठीत १९८२ पासून ओकुरांचे संग्रहालय आहे. सुतारांनी घडविलेली पिंपे, लाकडी फावडी, वाफेच्या टोपल्या अशा सहा हजारांहून अधिक वस्तू कंपनीने जपल्या असून क्योतो नगराने त्यांस सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला आहे. अंगणात एक विहीर आहे. सुमारे पन्नास मीटर खोलीवरून तिचे पाणी वर येते, आणि 'साकामिझु' या नावाने ओळखले जाते. जे साके पीत नाहीत, त्यांनाही तेथे ओंजळभर पाणी पिता येते.