ताप : मृत्यूचे कारण की मृत्यूची सोबत? (दारव्हा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण)

प्रस्तावना :

मरणासन्न रुग्णाला येणारा ताप हा वैद्यकशास्त्राचा विषय मानला जातो. तथापि त्याला इतिहासही आहे. ताप म्हणजे काय, तो उतरवायचा की नाही, आणि मृत्यूनंतर कागदावर काय लिहायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत. प्रस्तुत लेखात दारव्हा तालुका आणि वऱ्हाड प्रांत यांच्या अनुषंगाने या बदलाचा मागोवा घेतला आहे.

पाटलाची नोंदवही :

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. दारव्हा पुढे वूण जिल्ह्यात मोडत असे. १९०५ मध्ये या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. जन्ममृत्यूची नोंद ठेवण्याचे काम गावच्या पाटलाकडे होते. पाटील वैद्य नव्हता. त्याच्यापुढे पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात असे मोजके रकाने असत. पटकी व देवी ओळखू येत. उरलेल्यांपैकी ज्याचे अंग शेवटी तापले होते, तो बहुधा ‘ताप’ या रकान्यात जाई. हिवताप, क्षय, विषमज्वर, बाळंतरोग, पोटातील गाठ अशा निरनिराळ्या कारणांनी मेलेली माणसे एकाच शब्दाखाली एकत्र आली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे असंख्य बळीही याच रकान्यात गेले. वसाहतकालीन आरोग्य अहवालांत ताप हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण दिसते, ते या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. हे आकडे जसेच्या तसे उचलून हिवतापाचा इतिहास लिहिणाऱ्यांची संख्या कमी नाही!

यातील विसंगती अशी, की याच काळात युरोपात नेमका उलटा विचार रुजत होता. १८६८ मध्ये जर्मन वैद्य वुंडरलिख याने हजारो रुग्णांच्या तापमानाच्या नोंदींवरून ताप हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे, असे प्रतिपादन केले. त्याच सुमारास ऑलबट याने तयार केलेला आखूड तापमापक डॉक्टरांच्या खिशात आला. सरकारी दप्तरात मात्र लक्षणालाच रोगाचे स्थान मिळाले.

चरकाचे निरीक्षण :

पाटलाला सर्वस्वी दोष देता येत नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात सर्व प्राणी ज्वरासह जन्मतात आणि ज्वरासहच मरतात, असे म्हटले आहे. येथे ज्वर हा मृत्यूचे निमित्त नाही, तर त्याचा सोबती आहे. वऱ्हाडातील घरांत कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवणे, ओठ ओले करणे, तोंडात तुळशीपत्र घालणे या कृती एकाच खाटेपाशी चालत. त्यांतील उपचार कोणता आणि निरोप कोणता, हे वेगळे काढणे कठीण आहे.

परिहार सेवेचा काळ :

१९६७ मध्ये सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्याच्या पुढच्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे कर्करोगाने गुरुकुंज मोझरी येथे निधन झाले. भारतातील पहिले हॉस्पिस, मुंबईच्या वांद्रे येथील शांती आवेदना सदन, डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या प्रयत्नांतून १९८६ मध्ये उभे राहिले. पुण्याजवळ वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ मध्ये आले. विदर्भात नागपूरचे स्नेहांचल हे नाव घ्यावे लागते.

या संस्थांनी तापाकडे नव्याने पाहिले. कर्करोगाच्या रुग्णाला ताप जंतुसंसर्गाने येतो, तसा गाठीमुळेही येतो. औषधांमुळे येतो आणि शरीरातील पाणी कमी झाल्यानेही चढतो. गाठीचा ताप नॅप्रोक्सेन या औषधाने बहुधा झपाट्याने उतरतो, हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने दाखविले. परिहार सेवेत प्रश्न मात्र निदानापाशी थांबत नाही. अखेरच्या दिवसांत रक्ततपासणी व शिरेतून प्रतिजैविके देऊन रुग्णाला सुख लाभणार आहे काय, हे विचारले जाते. मूत्रमार्गाच्या संसर्गात प्रतिजैविकाने जळजळ थांबत असेल तर ते द्यावे. अन्यथा पॅरासिटामॉल, कोमट पाण्याने अंग पुसणे, हलके पांघरूण आणि तोंडाची निगा पुरेशी ठरते. म्हणजे घरातील ओली पट्टी शास्त्राच्या दारी परत आली. थंडगार पाण्याची नव्हे, एवढाच फरक. त्याने हुडहुडी भरते.

दारव्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न अंतराचाही आहे. कर्करोगाचा रुग्ण उपचार संपवून घरी येतो. काही आठवड्यांनी रात्री त्याला ताप चढतो. घरचे लोक घाबरतात, गाडी ठरवतात आणि यवतमाळ किंवा नागपूरची वाट धरतात. ताप येण्यापूर्वीच त्याविषयी कुटुंबाशी बोलणारा कोणी असेल तर हा प्रवास टळू शकतो. राष्ट्रीय परिहार सेवा कार्यक्रम २०१२ मध्ये आखला गेला. २०१४ च्या कायदादुरुस्तीने मॉर्फिन मिळण्यातील अडथळे कमी केले. परंतु वेदनेला मिळालेले हे स्थान तापाला धोरणात मिळालेले नाही.

१९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यान्वये डॉक्टर जे प्रमाणपत्र देतात, त्यात तात्कालिक कारण आणि त्यामागील मूळ कारण स्वतंत्रपणे लिहावे लागते. घरी झालेल्या मृत्यूत पुष्कळदा डॉक्टर नसतो. अशा वेळी नोंद करणारा नातेवाइकांना विचारतो, आणि नातेवाईक सांगतात : दोन दिवस ताप होता.