डिंगो संवर्धन

डिंगो संवर्धन म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर व काही बेटांवर मुक्तपणे राहणाऱ्या डिंगो या श्वानकुलातील प्राण्याचे त्याच्या नैसर्गिक अधिवासात रक्षण करण्याचे प्रयत्न होत. एकाच देशात हा प्राणी कुठे संरक्षित वन्यजीव, तर कुठे नष्ट करावयाचा उपद्रवी प्राणी मानला जातो. त्यामुळे त्याच्या रक्षणाचा प्रश्न जीवशास्त्राइतकाच नावाचा आणि कायद्याचाही आहे. मराठीत ‘रानकुत्रा’ हा शब्द सह्याद्रीत व विदर्भात आढळणाऱ्या कोळसुंद्यासाठी रूढ आहे. डिंगो हा त्याहून सर्वस्वी वेगळा प्राणी असून पाळीव कुत्रा व लांडगा यांचा जवळचा आप्त आहे.

== आगमन आणि वर्गीकरण ==

डिंगो माणसांबरोबर समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियात आला. नलारबॉर मैदानातील माडुरा गुहेत सापडलेली त्याची हाडे ३,००० वर्षांहून अधिक जुनी आहेत. टास्मानिया त्यापूर्वीच समुद्राने तुटून वेगळे झाल्यामुळे तेथे डिंगो कधीच पोहोचला नाही. ‘डिंगो’ हे नाव सिडनी परिसरातील धरुग भाषेतून इंग्रजीत आले.

१७९३ मध्ये त्याला ‘कॅनिस डिंगो’ हे शास्त्रीय नाव देण्यात आले. पुढे काहींनी त्याला लांडग्याची उपजाती मानले, तर काहींनी रानात गेलेला पाळीव कुत्रा. हा वाद केवळ विद्वानांपुरता राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००४ मध्ये डिंगोची नोंद ‘असुरक्षित’ अशी केली होती. पुढे त्याला पाळीव कुत्र्याचेच रानटी रूप मानण्यात आल्याने तो लाल यादीतून वगळला गेला. प्राणी तोच राहिला, नाव बदलताच यादीतील त्याची जागा गेली.

== कायद्यातील स्थान ==

ऑस्ट्रेलियाच्या १९९९ च्या केंद्रीय पर्यावरण कायद्यानुसार इ.स. १४०० पूर्वी देशात असलेल्या प्रजाती मूळ मानल्या जातात. या कसोटीवर डिंगो निःसंशय मूळ ठरतो. तथापि प्रत्यक्ष अधिकार राज्यांकडे आहेत आणि राज्याराज्यांत एकवाक्यता नाही. नॉर्दर्न टेरिटरीत तो संरक्षित आहे. न्यू साउथ वेल्समध्ये डिंगो, मोकाट कुत्रे आणि त्यांचा संकर या सर्वांना ‘वाइल्ड डॉग’ अशी एकच संज्ञा असून त्यांचे नियंत्रण करणे जमीनधारकांवर बंधनकारक आहे. क्वीन्सलंडमध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तो रक्षणीय, तर हद्दीबाहेर उपद्रवी.

व्हिक्टोरियातील परिस्थिती अधिक बोलकी आहे. तेथे २००८ मध्ये डिंगोचा समावेश संकटग्रस्त प्रजातींत झाला. त्याच वेळी खासगी जमिनीवर आणि तिला लागून असलेल्या सार्वजनिक वनाच्या ३ किमी पट्ट्यात त्याला मारण्याची मुभाही राहिली. राज्याच्या वायव्येकडील बिग डेझर्ट भागात डिंगोंची संख्या अवघ्या ४० पर्यंत घटली असावी, असा अंदाज पुढे आल्यानंतर मार्च २०२४ मध्ये त्या भागापुरती ही मुभा रद्द झाली. पूर्व भागात ती कायम आहे.

== कुंपण आणि विष ==

डिंगो व मेंढपाळ यांचे वैर वसाहतकाळापासूनचे आहे. मेंढ्यांचे होणारे नुकसान खरे आहे आणि ते सोसणाऱ्या कुटुंबांची तक्रार केवळ अज्ञानातून आलेली नाही. क्वीन्सलंडमधील जिंबूरपासून दक्षिणेकडील समुद्रकड्यांपर्यंत गेलेले सुमारे ५,६०० किमी लांबीचे डिंगो कुंपण मेंढ्यांच्या प्रदेशासाठीच उभारले गेले. याशिवाय ‘१०८०’ या नावाने ओळखले जाणारे विष मांसाच्या तुकड्यांत घालून जमिनीवरून व विमानातून टाकले जाते.

हे कुंपण अभ्यासकांना अनायासे लाभलेला एक प्रयोगच ठरले. स्टर्ट राष्ट्रीय उद्यानाजवळ कुंपणाच्या दोन्ही बाजूंची पाहणी करता, डिंगो नसलेल्या बाजूस कांगारू व कोल्हे अधिक, गवत कमी आणि लहान उड्या मारणारे स्थानिक उंदीर दुर्मीळ असल्याचे आढळले. युरोपातून आणलेला कोल्हा हा तेथील लहान प्राण्यांचा मोठा शत्रू आहे. डिंगो त्याला दबावाखाली ठेवतो, हे संवर्धनाच्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण मानले जाते. मांजरांबाबत मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

== संकराचा प्रश्न ==

पाळीव कुत्र्यांशी संकर होऊन शुद्ध डिंगो जवळजवळ संपले, असा समज अनेक वर्षे दृढ होता. जे मारले जाते ते डिंगो नव्हेच, हा युक्तिवाद त्यावरच उभा होता. जुन्या जनुकीय चाचणीत केवळ २३ खुणा तपासल्या जात. कायली केर्न्स व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ३९१ प्राण्यांचे नमुने सुमारे १,९५,००० खुणांच्या आधारे तपासले. त्यांतील बहुसंख्य प्राणी शुद्ध डिंगो निघाले. जुन्या चाचणीने डिंगोंच्या प्रादेशिक भेदांनाच संकर समजण्याची चूक केली होती. रंगावरून शुद्धता ठरवणेही चुकीचे आहे, कारण पिवळसर तांबूस रंगाप्रमाणेच काळा, पांढरा व पट्टेरी डिंगोही आढळतो.

बिग डेझर्टसारख्या लहान, तुटलेल्या समूहांत आता खरी चिंता संकराची नसून आप्तसंबंधातील प्रजननाने घटणाऱ्या जनुकीय विविधतेची आहे.

== गरी बेट ==

क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळील गरी (पूर्वीचे फ्रेझर) बेटावरील डिंगोंना तेथील बुचुला लोक ‘वाँगारी’ म्हणतात. पर्यटक खाऊ घालू लागले की डिंगोंची माणसाची भीती मोडते, आणि मग हल्ले होतात. २००१ मध्ये एका बालकाच्या मृत्यूनंतर बेटावरील सुमारे ३० डिंगो मारण्यात आले. आता खाऊ घालणाऱ्यास दंड होतो, वस्त्यांना व काही तळांना कुंपणे आहेत आणि मुलांना एकटे सोडू नये, अशी ताकीद दिली जाते.

== पर्यायी उपाय ==

कळपातील प्रौढ जोडी मारली गेली की कळप विस्कटतो आणि अननुभवी तरुण डिंगो सोप्या भक्ष्याकडे, म्हणजे मेंढ्यांकडे वळतात, असे काही संशोधकांचे प्रतिपादन आहे. म्हणून मारेमा जातीचे राखणदार कुत्रे, गाढवे आणि शेतापुरती कुंपणे यांचा वापर सुचवला जातो. मारेमाची पिले लहानपणापासून मेंढ्यांतच वाढवली जातात व कळपालाच आपले कुटुंब मानतात. विस्तीर्ण कुरणांवर असे कुत्रे सांभाळण्यास खर्च व वेळ लागतो. त्यामुळे मेंढपाळांमध्ये या उपायाचा प्रसार अद्याप मर्यादित आहे.